फ्लॅट एकट्याच्या नावावर घेऊन पोटभाडेकरू ठेवायचा, की सगळ्यांची नावं करारात घालायची?

पुण्यात अख्ख्या टू बीएचकेचं भाडं एकट्याला झेपत नाही, तेव्हा बहुतेकांसमोर दोन मार्ग असतात. फ्लॅट आपल्या नावावर घेऊन दुसऱ्या खोलीत आपणच कोणीतरी ठेवायचं, म्हणजे पोटभाडेकरू. नाहीतर राहणाऱ्या सगळ्यांना लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे घरमालकाशी होणाऱ्या नोंदणीकृत करारात, लायसन्सी करून घ्यायचं. मी पहिल्या पद्धतीने सव्वा वर्ष राहिलो, दुसरीत हे तिसरं वर्ष चालू आहे.

पहिलीत मोकळीक भरपूर, हे मान्य करायलाच हवं. खोलीत कोण येणार हे आपण ठरवतो, एक गेला की दुसरा शोधतो, दरवेळी घरमालकाला विचारावं लागत नाही. 24 हजारांपैकी 11 हजार त्या खोलीतून यायचे. पहिले आठ-नऊ महिने मला काहीच त्रास झाला नाही.

मग त्या मुलाची नोकरी गेली. पहिल्या महिन्याला मी थांबलो, कोणीही थांबला असता. दुसऱ्या महिन्यात ‘पुढच्या आठवड्यात नक्की देतो’. तिसऱ्या महिन्यात मेसेजवर दोन निळ्या टिक यायच्या, उत्तर नाही. पाच तारखेला मात्र पूर्ण 24 हजार माझ्याच खात्यातून जायचे, कारण करारावर अंगठा माझा होता. असे 33 हजार गेले.

पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण माझा निर्णय झाला तो वेगळ्याच दिवशी. बाथरूमचा नळ गळत होता म्हणून घरमालक काका प्लंबरला घेऊन आले. दुसऱ्या खोलीच्या दाराशी चपला, दोरीवर ओला टॉवेल. ‘हे कोण?’ काकांनी विचारलं. ‘मित्र आहे काका, चार दिवसांसाठी आलाय.’ ज्यांच्याकडे जाऊन ‘काका, असं असं झालंय, काय करू?’ म्हणायचं, त्यांच्यापासूनच मला सगळं लपवावं लागत होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जायची सोय नव्हती, कारण त्यांनाही त्याची माहिती दिलेली नव्हती. त्याचं सामान बाहेर काढलं असतं तर उलट माझ्याच नावाने तक्रार झाली असती. आमच्यात लिहिलेलं होतं ते एवढंच: व्हॉट्सॲपवर ‘ओके, 11 फायनल’.

कायदाही अशा वेळी आपल्या बाजूने फारसा येत नाही. लायसन्स म्हणजे त्या माणसापुरती दिलेली परवानगी. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात ती परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक छापील करार पोटभाडेकरू ठेवायला स्पष्ट मनाई करतात. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर जागा रिकामी झाली नाही, तर लायसन्सीला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लायसन्सी म्हणजे कागदावर नाव असलेला माणूस. उद्या तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात आणि तो खोलीतून हललाच नाही, तर ही दुप्पट रक्कम तुमच्याकडे मागितली जाईल. माझा पोटभाडेकरू करार संपायच्या तीन आठवडे आधी गेला. तो जाईपर्यंत मला नीट झोप नव्हती.

दुसऱ्या पद्धतीत कटकट सुरुवातीलाच होते. सगळ्यांना एका वेळी जमवायचं, आधार-पॅन गोळा करायचे, पोलिसांना द्यायची माहिती भरायची. आमच्या वेळी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, आणि वयामुळे काकांचा अंगठा उमटेचना. काकूंनी बोटाला खोबरेल तेल लावून, पुसून दिलं, तेव्हा चौथ्या खेपेला उमटला. मध्येच कोणी गेलं की नवा करार, म्हणजे मुद्रांक शुल्क, शहरी भागातली 1000 रुपये नोंदणी फी आणि एजंटचे पैसे पुन्हा. मला एकदा हे करावं लागलं, सगळं धरून अडीच हजारांच्या आसपास गेले.

आणि नावं एकत्र आली म्हणून थकबाकीचा धोका संपत नाही. प्रत्येकाचा वाटा करारात वेगळा लिहिलेला नसेल, तर मालक पूर्ण भाडं कोणा एकाकडेही मागू शकतो. पण 1872 च्या करार कायद्यातल्या कलम 43 नुसार तुम्ही जास्तीचं भरलंत तर इतरांकडून त्यांचा वाटा मागायचा हक्क राहतो, आणि तो दाखवायला नोंदणीकृत कागद असतो. माझ्या त्या 33 हजारांसाठी दाखवायला काय होतं?

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाचं भाडं दोन महिने थकलं. मला कळलं त्याच संध्याकाळी मी काकांना फोन केला. त्यांनी त्याला समोर बसवून बोलणं केलं आणि डिपॉझिटमधल्या त्याच्या हिश्शातून रक्कम वळती करायचं ठरलं. मला एकही रुपया घालावा लागला नाही.

सख्खा भाऊ किंवा मावसभाऊ दोन-तीन महिन्यांसाठी येणार असेल, तर नवा करार करत बसणं कदाचित जास्तच होईल. तरीही काकांसारख्या मालकाला एक मेसेज टाकून त्यांचा होकार लेखी घ्यावा, असं मला वाटतं. ओळख फक्त फ्लॅटमेट शोधायच्या ग्रुपवरची असेल, तर मी तरी त्याचं नाव करारात आल्याशिवाय चावी देणार नाही. आणि खोलीत आधीच कोणी राहत असेल, तर त्याचं भाडं वेळेवर येतंय तोवरच मालकाशी बोलून घ्या. थकल्यावर ते बोलणं फार जड जातं.