येता-जाता चालणं की वेळ काढून वॉक? ठरवायच्या आधी हे बघा

चालायला सुरुवात करायचीय पण नेमकं कसं, यात बरेच जण अडकतात. माझं मत आधीच सांगते, रस्ता बरा असेल तर कामाचं चालणं घ्या, म्हणजे ऑफिसला, स्टॉपवर, सामान आणायला जे चालतो ते. कारण पोचायचं असतंच, कंटाळा आला म्हणून ऑफिस अर्ध्या वाटेत येत नाही. बूट घालून मुद्दाम जायच्या वॉकचं तसं नाही, पाऊस, पाहुणे, रात्रीचं जागरण, काहीही झालं की पहिली दांडी त्यालाच.

आणि तुकड्यातुकड्यात चाललेलं धरत नाहीत हे डोक्यातून काढा. पूर्वी जागतिक आरोग्य संघटना एका वेळी सलग 10 मिनिटं तरी हवीत म्हणायची, 2020 च्या शिफारशींत ती अट गेली. आता मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल, ती कशीही जमवा. 10 हजार पावलांचं टेन्शन तर घेऊच नका, तो आकडा कुठल्या संशोधनातून नाही आला, 1965 मधे जपानात पावलं मोजायचं एक यंत्र त्या नावाने विकायला आलं तिथून तो पसरला.

पण गोची आहे ती "मध्यम जोर" या अटीत, आणि इथे कामाचं चालणं मार खातं. एका खांद्यावर घसरणारी बॅग, हातात मोबाईल, दर सिग्नलला थांबा, मग कसला वेग येणार. एक मिनिट लावून पावलं मोजा, 100 च्या आसपास आली तर बहुतेकांसाठी तो मध्यम वेग धरतात. मोजत बसायचं नसेल तर बोलून बघा, वाक्य नीट बोलता येतंय पण गाणं म्हणायला दम पुरत नाही, म्हणजे बरोबर चाललंय. बॅग पाठीवर टाका आणि मोबाईल आत, हात मोकळे हलायला लागले की पाय पण झपाझप पडतात. वॉकमधे हे सगळं आपसूक होतं, त्यामुळे निव्वळ व्यायाम म्हणून बघाल तर वॉक सरस. ताकदीचा व्यायाम मात्र दोन्हीत होत नाही, तो आठवड्यातून 2 दिवस वेगळा करावाच लागतो.

ट्रेडमिल? उन्हापावसात ठीक आहे, पण कुठे पोचत नाही हो त्याच्यावर.

आता रस्ता, आणि खरं तर निर्णय इथेच होतो. कुठे चालायचा हक्क आहे हे जागेप्रमाणे फार बदलतं. स्कॉटलंडमधे 2003 च्या कायद्याने बहुतेक जमिनीवरून, खासगी असली तरी, नीट वागून फिरता येतं, शेजारच्या इंग्लंडमधे मात्र जुन्या पायवाटा सोडल्या तर 2000 च्या कायद्याने मोकळं फिरणं मुख्यतः नकाशावर ठरवून दिलेल्या डोंगर-माळांपुरतंच. भारतात मे 2025 मधे सुप्रीम कोर्टाने चालण्याजोगा फूटपाथ मिळणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. हक्क आहे म्हणून फूटपाथ मोकळा असेलच असं नाही, म्हणून रोजचा रस्ता एकदा ज्या वेळेला चालणार त्याच वेळेला चालून बघा, किती वेळा खाली गाड्यांमधे उतरावं लागतं, अंधार कुठे आहे, ओलांडायला सोय आहे का. फूटपाथच नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल त्या बाजूने चाला. तरीही जीव मुठीत धरावा लागत असेल तर कामाचं चालणं सोडून द्या आणि बागेत किंवा मैदानात वॉकच घ्या, उगाच हट्ट नको.

चालताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर यातलं काहीच आधी नको, डॉक्टरांकडे जा.

आणि घामाघूम होऊन ऑफिसात शिरायला नको वाटत असेल तर जाताना गाडी-बसने जा, चाला फक्त येताना.