ज्याने माझ्या पियानोला गिटार म्हटले, त्याला मी ४२५ डॉलर दिले

मी स्वतःच गाणी लिहिते, स्वतःच चाल लावते आणि पियानोवर स्वतःची साथ करत गाते. पाठीशी ना लेबल, ना मॅनेजर. स्पॉटिफायवरच्या प्लेलिस्टमध्ये जागा मिळवून देतो म्हणणारे बहुतेक लोक खोटे असतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

अशाच एका गृहस्थाने पहिल्याच संदेशात माझ्या ‘हळुवार गिटारवादना’ची स्तुती केली होती. त्या गाण्यात आवाज आणि पियानो यांखेरीज काहीही नाही. मी क्षणभर थांबले, आणि रोज शेकडो गाणी ऐकणाऱ्याची गल्लत व्हायचीच, अशी त्याची वकिली मीच केली. ते वाक्य आठवले की आजही कानशिले तापतात. माझी बाजू एवढीच, की स्पॉटिफायवर २०२४ पासून १२ महिन्यांत किमान १,००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला रॉयल्टी मिळत नाही आणि माझे गाणे ६१२ वर अडकले होते.

आधी २८० डॉलर दिले, आठवड्याने ‘संपादकीय पडताळणी’चे १४५. दोन्ही वेळा रक्कम मित्राला दिल्यासारखी पाठवायला लावली. असे कोणी सांगितले तर तिथेच थांबा. नऊ दिवसांत गाणे १८,४०० वेळा वाजले, जवळजवळ सगळे एकाच अनोळखी शहरातून, आणि ते सेव्ह करणारे दोघेच. त्यांतली एक माझी बहीण. पुढे वितरकाने, म्हणजे माझी गाणी स्पॉटिफायवर पोचवणाऱ्या कंपनीने, बनावट श्रवणाचा ठपका ठेवून गाणेच काढून टाकले.

वितरकाला मी सात वेळा लिहिले. सातही वेळा निर्णय अंतिम असल्याचे तेच यांत्रिक उत्तर आले. पैसे पाठवणारी कंपनी म्हणाली, तुम्ही स्वखुशीने दिलेत. पोलीस अधिकाऱ्याने तर विचारले, “वाजवून देतो म्हणाला आणि वाजले, मग फसवणूक कुठे?” यंत्राने वाजवलेले गाणे कोणी ऐकलेले नसते, हे समजावताना माझा आवाज चढला आणि तक्रार नोंदवून न घेताच मला परत पाठवले गेले. खोटे श्रोते ओळखता येतात, मग ते विकणारा का सापडत नाही?

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे प्रदर्शनाच्या किमान ७ दिवस आधी, कलाकाराच्या खात्यातून फुकट सुचवता येते. तिथली जागा विकणारा मध्यस्थ खोटाच. अनोळखी प्लेलिस्टमुळे आकडे अचानक फुगले, तर त्याच दिवशी वितरकाला लेखी कळवा. मी नऊ दिवस ते आकडे पाहून सुखावत बसले.

ती प्लेलिस्ट अजून चालू आहे. माझ्या जागी आता दुसऱ्या कुणाचे तरी पियानोवरचे गाणे आहे.