हॅरी पॉटरचा तिसरा भाग: वेगामागची बांधणी

मालिकेचा तिसरा भाग म्हटला की पुस्तकातही तीच जादूची शाळा, तोच शत्रू असणार असं वाटतं. ‘हॅरी पॉटर आणि अझ्काबानचा कैदी’ (मूळ इंग्रजी १९९९) हा अंदाज मोडतो. व्होल्डेमॉर्ट इथे समोर येतच नाही. अझ्काबान या जादूगारांच्या तुरुंगातून पळालेला सिरियस ब्लॅक आणि त्याच्या शोधात शाळेभोवती पहारा देणारे डिमेंटर, म्हणजे माणसातला आनंद शोषून घेणारे तुरुंगाचे पहारेकरी, एवढ्यावर २२ प्रकरणं पळतात.

तिसऱ्याच प्रकरणात जादूगारांची नाइट बस येते. जांभळी, तीन मजली, खुर्च्यांऐवजी पलंग. भाडं अकरा सिकल (जादूगारांची नाणी), तेरा दिले तर गरम चॉकलेट, पंधराला गरम पाण्याची पिशवी नि हव्या त्या रंगाचा टूथब्रश. गाडी अशी झटक्यात निघते की हॅरी पलंगावर आडवा होतो. लातूर-नांदेडच्या लाल एसटीत मागच्या सीटवर बसलेल्या लेकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

या भागाची खरी ताकद म्हणजे इथल्या जादूला पद्धत आहे आणि पद्धत चुकली की तिथल्या तिथे किंमत मोजावी लागते. हिप्पोग्रिफसमोर (अर्धा गरुड, अर्धा घोडा) आधी आपण वाकायचं, नजरेला नजर ठेवायची, पापणी शक्यतो लववायची नाही, तो उलट वाकेपर्यंत पुढे सरकायचं नाही. हॅरीच्या वर्गातला मालफॉय त्याचा अपमान करतो नि पंजा खातो. डिमेंटरला परतवणारा पॅट्रोनस हा मंत्र तर याहून अवघड. मंत्र पाठ असून भागत नाही, एखादी आनंदाची आठवण मनात घट्ट धरावी लागते. हॅरी आधी झाडूवरच्या पहिल्या उड्डाणाची आठवण धरतो. ती पुरत नाही. मग शाळेतला हाउस कप जिंकल्याची. तीही कमी पडते. आपण जादूगार आहोत आणि मावशीचं घर सुटणार, हे कळलं तो क्षण धरल्यावर कुठे कांडीतून काही टिकाऊ निघतं. सरावासाठी त्याचे शिक्षक ल्यूपिन सर बोगार्ट वापरतात, म्हणजे समोरच्याला ज्याची सर्वात भीती वाटते त्याचं रूप घेणारा प्राणी, कारण हॅरीपुढे तो डिमेंटरचंच रूप घेतो. भीतीशी सामना कसा करावा याचा इतका नेमका धडा बालवाङ्मयात क्वचितच सापडतो.

डिमेंटरचा रेल्वेतला पहिला प्रवेश दिवे घालवत, हाडं गोठवत येतो. परभणीच्या मे महिन्यातल्या दुपारी वाचला तरी अंगावर काटा येतो. आणि त्यावर उपाय काय, तर चॉकलेट! लेखिकेची ही कल्पना फार आवडली.

वेग येतो तो आधी पेरलेल्या खुणांमुळे. सहाव्या प्रकरणात हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिच्या वेळापत्रकात नऊ वाजता तीन तास एकाच वेळी आहेत. सातव्यात ल्यूपिनसमोर बोगार्टचा चंदेरी गोळा होतो. दोन्हींचं उत्तर पुढे मिळतं, पण तेव्हा पुढचं पान उलटायची घाई असते. म्हणून शेवट कळल्यावर सहाव्या प्रकरणापासून पुन्हा वाचा; हर्मायनीचं जवळजवळ प्रत्येक वाक्य नव्याने ऐकू येतं.

दोष एक आहे. प्रकरणं १७ ते १९ जवळजवळ एकाच खोलीत, बोलण्यातच जातात. जुन्या घटना, टोपणनावं, कोण कोणाचा मित्र, सगळं एकदम येतं. लेकरं इथे अडखळतात. दहाव्या प्रकरणात शाळेच्या जादूच्या नकाशावर येणारी चार नावं (मूनी, वर्मटेल, पॅडफूट, प्राँग्ज) आधीच कागदावर लिहून ठेवली तर गुंता सुटतो. क्विडिचचे (झाडूवर बसून खेळायच्या खेळाचे) सामने मात्र खेळाची आवड नसेल तर भरभर वाचले तरी चालतील.

पहिले दोन भाग वाचल्याशिवाय हा हाती घेऊ नये. पहिल्या भागातली एक अगदी बारीक गोष्ट इथे फार मोठी होते. वय दहाच्या पुढे बरं, डिमेंटर चुंबनाने आत्मा ओढून घेतात ही कल्पना लहानग्यांना जड जाते. मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर रोज एक प्रकरण ठीक, पण शेवटची तीन प्रकरणं सलग ठेवा. मध्ये थांबलात तर काळाचा तो सुरेख हिशेब हातातून निसटतो. मराठी अनुवाद मिळतो. जूनमध्ये दुकानं शालेय पुस्तकांनी भरून जायच्या आत विचारा.