काटकोनी टॉर्च: मिरगापासून मोहोरापर्यंतचा अनुभव

मिरगाच्या तोंडावर हा टॉर्च घेतला आणि आता कलमांना मोहोर आलाय. म्हणजे कोकणातला एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरची बागेतली राखण, दोन्ही याच्या उजेडात झालं. आता ठामपणे लिहिता येईल.

याचं डोकं दांड्याला काटकोनात असतं. खिशाला किंवा पट्ट्याला उभा अडकवला की उजेड समोर पडतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कल्पना जुनीच, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांकडे टीएल-१२२ नावाचा असाच काटकोनी टॉर्च होता. आता तो आकार १८६५० मापाच्या एका चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर, मुठीत मावेल एवढा झालाय. स्किलहंट, आर्मीटेक, झेब्रालाइट, सोफर्न या कंपन्या असे टॉर्च बनवतात. सोबत बहुधा डोक्याला बांधायचा पट्टा मिळतो, आणि बऱ्याच मॉडेलांच्या बुडाला मॅग्नेट असतो.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे, की वाट चालताना तो डोक्याला बांधू नका. डोक्यावरून उजेड नजरेच्या रेषेतच जातो, त्यामुळे प्रत्येक वस्तूची सावली तिच्याच मागे दडते. पाखाडीची पायरी, खड्डा, वर आलेली मुळी सगळं सपाट दिसायला लागतं. पावसात तर डोळ्यांसमोरचे थेंबच एवढे लखलखतात की पुढची वाट दिसत नाही. तोच टॉर्च कमरेला अडकवा. उजेड खालून तिरका येतो, लहानशा दगडालाही लांब सावली पडते आणि पायरीची कड नेमकी कळते. हातात धरायच्या टॉर्चनेही हे जमतं, पण मग छत्री आणि काठी कुठे धरणार?

दुसरी गोष्ट रंगाची. लुमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या, आकड्याआधी सीआरआय बघा; उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते शंभरपैकी माप. ९० किंवा त्याहून जास्त सीआरआय आणि ४००० ते ५००० केल्विनचा, म्हणजे ना फार पिवळा ना फार निळसर, एलईडी घ्या. लुमेन थोडे कमी मिळतील, मिळू देत. आमच्याकडे गडग्यांत, म्हणजे दगडी कुंपणांत, फुरसं हा विषारी साप असतो. जांभ्यावर आणि वाळल्या पाचोळ्यात त्याचा तपकिरी रंग असा मिसळतो की दिवसाही नजर फसते. स्वस्त टॉर्चच्या निळसर पांढऱ्या उजेडात तांबडं, तपकिरी, पिवळट सगळं एकाच फिकट छटेचं होऊन जातं. चांगल्या सीआरआयच्या उजेडात दगड दगडासारखा आणि पान पानासारखं दिसतं. गमबूट आणि काठी सोडायची नाहीच, पण पायाखाली काय आहे हे ओळखण्यात मला यामुळे खरोखर फरक पडलाय. एवढ्या एका कारणासाठीही मी हा टॉर्च पुन्हा घेईन.

खोक्यावरचे १२०० लुमेन काही मिनिटांचेच असतात. एवढ्याशा ॲल्युमिनियमला ती उष्णता झेपत नाही, म्हणून सर्किट आपणहून उजेड उतरवतं. टॉर्च मोजायच्या एएनएसआय एफएल-१ या प्रमाणित पद्धतीत ‘रनटाइम’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, आणि ‘अंतर’ म्हणजे जिथे फक्त ०.२५ लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोचतो तिथपर्यंतचं. हे माहीत असलं की मोठ्या आकड्यांनी भुलायला होत नाही. मला १००-१५० लुमेन पुरतात. रात्री घरात उठताना एक लुमेनचा मोड लावतो. कोणाची झोपमोड होत नाही.

लाइट गेल्यावर मॅग्नेट फार कामाला येतो. पंपाच्या बॉडीला किंवा पत्र्याच्या पेटीला टॉर्च चिकटवायचा आणि काम करायचं. मात्र लोखंडाचा कीस धरून बसतो, आणि पेसमेकर असलेल्या माणसाने असा टॉर्च छातीच्या खिशात ठेवू नये.

तक्रारी दोन. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण पावसाळ्यातच सैल पडलं. आता सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावतो. आणि बटण खिशात दाबलं जातं, टॉर्च चटका बसेल इतका तापतो. पिशवीत टाकताना मागचं झाकण पाव फेरा सैल करायचं, म्हणजे सर्किट तुटतं. हे घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा.

सेल वेगळा घेणार असाल तर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेला घेऊ नका. या मापाचा अस्सल सेल साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो आणि वजनाला ४५ ते ५० ग्रॅम भरतो. शंका आली तर किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून बघा. फारच हलका भरला तर परत करा.