मोहदरी घाट आणि अडीचशे वॅटची सायकल

नाशिकरोडच्या चेहेडी भागातून सिन्नरअलीकडच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीपर्यंत माझी रोजची ये-जा आहे. एका बाजूचे अंतर साधारण पंधरा किलोमीटर भरते आणि मोहदरी घाट सोडला तर वाटेत अवघड म्हणावे असे काही नाही. पण तो घाट कामावर पोहोचण्याच्या ऐन तोंडावर येतो, म्हणजे पाय थकलेले असताना आणि घड्याळाकडे लक्ष असताना. गुडघ्याच्या तक्रारीमुळे डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितले, तेव्हा मुलाची जुनी गिअरची सायकल काढून तीन दिवस हा उद्योग करून पाहिला. चौथ्या दिवशी गुडघ्याने आणि पाचव्या दिवशी आमच्या साहेबांनी हरकत घेतली. ज्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली, त्या गावात मोटर लावलेल्या सायकलची चौकशी करताना थोडे ओशाळल्यासारखे होते खरे. परंतु बावन्नाव्या वर्षी ओशाळणे गुडघा बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

चाळीस हजारांची मर्यादा ठरवून मी सुमारे दोन महिने दुकाने पालथी घातली, नोव्हेंबरात सायकल घेतली आणि पावसाळा लागेपर्यंत आठवड्यातले चार दिवस तिच्यावरूनच कामावर गेलो. आज मीटरवर ३,१४० किलोमीटर दिसतात. सायकल कोणत्या कंपनीची आणि कोणत्या दुकानातून घेतली हे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि एका माणसाच्या एका सायकलीवरून कोणाचे नाव खराब करणे मला बरोबर वाटत नाही.

दुकानात पाऊल टाकताच मोटरची ताकद सांगितली जाते, आणि घाट चढणाऱ्याच्या दृष्टीने हीच माहिती सर्वांत निरुपयोगी आहे. मोटर २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ई-सायकल हे मोटार वाहन धरले जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. या सवलतीसाठी बाजारातल्या जवळजवळ सगळ्याच सायकलींच्या कागदावर २५० वॅट हाच आकडा छापलेला असतो, त्यामुळे त्यावरून डावे-उजवे करता येत नाही. एका दुकानात “काका, ही एक वायर काढली की पस्तीसने पळते” असे मला मोठ्या कौतुकाने सांगण्यात आले. वायर काढलेली अशी सायकल कायद्याच्या नजरेत बिनानोंदणीचे, बिनाविम्याचे मोटार वाहन ठरते, हे त्या कौतुकात राहून गेले होते. शिवाय घाटात वेगाचा उपयोगच नसतो. तिथे बाराच्या वेगाने न थांबता वर जाता आले तरी पुष्कळ झाले.

मग पाहायचे काय, तर बॅटरी. हिरो लेक्ट्रोच्या सी-३ मध्ये ३६ व्होल्टची ५.८ अँपिअर-अवरची बॅटरी येते, स्ट्रायडरच्या झीटा प्लसला ती सहाची आहे आणि ईमोटोरॅडच्या एक्स-१ ला ७.६५ ची. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा, मिळते. म्हणजे पहिलीत सुमारे २०९, दुसरीत २१६ आणि तिसरीत २७५. हा एक गुणाकार दुकानातच मोबाइलवर करावा, कारण खोक्यावर छापलेले ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ हे बहुधा हलक्या माणसाने, सपाट रस्त्यावर, मनापासून पेडल मारून मिळवलेले असतात.

माझा हिशेब असा होता. माझे वजन ७८ किलो, सायकल चोवीसच्या आसपास, डबा, पाणी आणि कुलूप धरून पिशवी पाच किलो; एकूण १०७. हे ओझे शंभर मीटर उंच नेण्यासाठी, घर्षण आणि वारा यांचा विचार न करताही, २९ वॅट-अवर लागतात. मोटरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारा भाग मिळवला तर बॅटरीतून चाळीसएक तरी जातात. उरलेल्या रस्त्यावर मोटरची मध्यम मदत घेतली तर किलोमीटरमागे आठ ते दहा वॅट-अवर. जाऊन-येऊन तीस किलोमीटरांना तीनशेच्या पुढे आकडा गेला, तेव्हा दोनशेच्या घरातल्या सायकली माझ्यापुरत्या बाद झाल्या. त्या वाईट आहेत असे नाही. नाशिकरोडहून नाशिकच्याच द्वारका चौकात जाणाऱ्याला किंवा कंपनीत चार्जिंग मिळणाऱ्याला त्या पुरतील, आणि हलक्या असल्याने दुसऱ्या मजल्यावर उचलून नेणेही सोपे जाईल. मी ३६ व्होल्ट, दहा अँपिअर-अवरची, म्हणजे ३६० वॅट-अवरची बॅटरी असलेली सायकल निवडली. संध्याकाळी घरी परततो तेव्हा डिस्प्लेवर बॅटरीच्या पाचपैकी एक काडी उरलेली असते. घाटात मात्र काड्या फसवतात: चढावर मोटर जोर लावू लागली की व्होल्टेज दबते आणि चारच्या एकदम दोन काड्या दिसतात, माथ्यावर सपाटी लागली की तिसरी परत उगवते. पहिल्या आठवड्यात हे माहीत नसल्याने मी दोनदा घाबरून उतरलो आणि सायकल ढकलत नेली.

बॅटरीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व गिअरला आहे, आणि स्वस्त सायकली नेमक्या इथे पैसे वाचवतात. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी बारा किलोमीटरने जायचे तर माझ्या ओझ्याला दोनशेहून अधिक वॅट चाकापाशी पोहोचावे लागतात. ते सगळेच्या सगळे मोटर देत नाही. तोटा वजा जाता तिच्याकडून पावणेदोनशे-एकशेनव्वद मिळाले तरी भाग्य, बाकीचे पायांनी द्यायचे. बिनागिअरच्या सायकलीवर, पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर या वेगाला पाय मिनिटाला चाळीसएक फेरेच मारतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर सगळा भार. मागे २८ दात्यांची चकती मिळाली तर तेच फेरे साठीला पोहोचतात. मी आणखी पुढे जाऊन नाशिकरोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडून ३४ दात्यांचा फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) बसवून घेतला. त्यांनी चेन मोजली, दोन कड्या वाढवल्या, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, थोडा मागे ओढला आणि “आता गुडघा बोलणार नाही” असे म्हणाले. या एका बदलाने जितका फरक पडला तितका मोटरनेही पडला नसावा, असे मला कधी कधी वाटते.

मागच्या चाकातल्या हब मोटरला चाक फार सावकाश फिरणे मानवत नाही. वेग सातआठवर आला की तिची ताकद फिरवण्यापेक्षा तापण्यात अधिक जाते. त्यामुळे घाट लागण्याआधीच गिअर हलका करून वेग टिकवावा, अडल्यावर थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी हँडलवरची मूठ) पिळत बसू नये. चाकाऐवजी पेडलच्या आसापाशी मोटर असलेल्या सायकली या बाबतीत सरस असतात, कारण त्यांची मोटर गिअरमधूनच जोर लावते. पण त्या चाळीस हजारांत मिळत नाहीत, तेव्हा तो विषय इथेच सोडतो. पेडल मारताच मोटर सुरू करणारा पेडल-असिस्ट सेन्सरही स्वस्त सायकलींत साधा असतो. त्याला पाय फिरतात एवढेच कळते, जोर किती लागतो ते कळत नाही. परिणामी चढावर थांबून पुन्हा निघताना अर्धा-पाऊण फेरा मोटर गप्प असते आणि नेमका तोच फेरा सर्वांत जड असतो. निघण्यापुरता थ्रॉटल खरोखर कामी येतो.

हे सगळे दुकानासमोरच्या गल्लीत समजत नाही. शरणपूर रोडवरच्या सपाट गल्लीत प्रत्येक सायकल मला राजहंसासारखी वाटली होती. तिसऱ्या ठिकाणी मी सायकल पंचवटीत मालेगाव स्टँडच्या चढावर नेऊ द्या म्हणालो. दुकानदाराने पोराला सोबत दिले आणि हो म्हटले. डब्याच्या पिशवीत दोन विटा घालून मी तो चढ दोन सायकलींवर चढलो, एकदा मधेच थांबून पुन्हा निघालो, आणि निवड तिथेच झाली. जो दुकानदार चढावर नेऊ देत नाही त्याच्याकडून घाटासाठी सायकल घेऊ नये, इतके मी ठामपणे सांगेन.

चढाची चौकशी सगळे करतात, उताराची कोणी करत नाही. संध्याकाळी मोहदरी उतरताना शंभराहून अधिक किलो वजन खाली धावत असते. बहुतेक हब मोटरांत आतही एक फ्रीव्हील, म्हणजे चाकाला मोटरशिवाय मोकळे फिरू देणारी रचना, असल्याने उतारावर बॅटरी चार्ज होत नाही आणि मोटर अडवतही नाही. सगळा भार ब्रेकवर. माझ्या सायकलीला तारेचे डिस्क ब्रेक आहेत. दोन महिन्यांतच पुढचा ब्रेक लिव्हर हँडलला टेकू लागला, तेव्हा पॅड काढून पाहिले तर जेमतेम नखाइतका थर उरला होता. आता दर शनिवारी तार ताणतो आणि पॅडचा एक जोड पिशवीत ठेवतो. पुढे जाणाऱ्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास घाटात नाकाशी येतो, तेव्हा आपल्या तेवढ्याशा पॅडची आठवण हमखास होते. रस्ता चौपदरी असला तरी कडेला खडी पसरलेली असते. मागे लाल दिवा, अंगात चमकती पट्टी आणि हेल्मेट यांवर मी काटकसर केली नाही.

आता तक्रारी. जानेवारीत मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, कारण मोटरचे वजन आणि खड्डे दोन्ही त्याच चाकावर येतात. दुकानाने “चाक कंपनीत पाठवावे लागेल” असे सांगून अठरा दिवस सायकल ठेवून घेतली आणि परत दिली तेव्हा चाक तसेच डुलत होते. अखेर वर सांगितलेल्या मिस्त्रींनी तासाभरात ते सरळ केले. शिंदे गावाजवळ पंक्चर झाले तेव्हा पंक्चरवाल्याने मोटरची वायर पाहून आधी हात जोडले. मग चाक न काढताच एका बाजूने टायर उचकटून ट्यूब बाहेर ओढली, ठिगळ लावले आणि नेहमीचेच पैसे घेतले. चाक काढण्याची वेळ आलीच तर वायरचा जोड आधी सोडवावा लागतो आणि अठरा नंबरचा पाना लागतो. तो पाना त्या दिवसापासून माझ्याकडे आहे. विकत घेण्यापूर्वी सुटी बॅटरी, चार्जर आणि डिस्प्ले नाशिकमध्येच मिळतो का आणि बॅटरीची वॉरंटी किती, हे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन सर्व्हिसच्या वेळी कोणाला आठवत नाही.

खर्चाचे थोडक्यात. पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते, दोन अँपिअरच्या चार्जरने पाचएक तास जातात, आणि पेट्रोलशी तुलना करावी असा हा खर्च नाहीच. खरा खर्च पुढे बॅटरी बदलण्याचा आहे, तो आजपासूनच बाजूला टाकलेला बरा.

पावसात मी ही सायकल घाटात नेत नाही. ओल्या डिस्कवर ब्रेक उशिरा लागतो, आणि पहिल्याच सरीत डिस्प्लेच्या काचेआत वाफ धरली होती. सध्या जुलै आहे. मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आली आहे आणि बॅटरी अर्धी चार्ज करून कपाटात ठेवली आहे, कारण लिथियमची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवली तर खराब होते. दर पंधरा दिवसांनी काढून काड्या पाहतो. काल पाहिल्या, तीन होत्या.