ऑफिसात टीम्स, ग्राहकाकडे व्हॉट्सअ‍ॅप: मधला पूल कोणता घ्यावा?

नागपुरात मिहानमधल्या कंपनीत मायक्रोसॉफ्टच्या टीम्सशिवाय पान हलत नाही. बर्डीवरच्या सीएच्या ऑफिसात झूम चालते, धंतोलीतल्या दवाखान्यात गूगल मीट. समोरचा माणूस मात्र काटोलचा संत्रा बागायतदार असो की उमरेडचा पेशंट, त्याला येते ते एकच अ‍ॅप. “तुमच्या टीम्सवरून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ लावा ना,” ही त्याची मागणी साधी वाटते, पण ती आज पुरी करता येत नाही.

जिओवरून एअरटेलला फोन लागतो, कारण टेलिफोन कंपन्यांना एकमेकांशी जाळे जोडणे बंधनकारक आहे. अ‍ॅपवर आपल्याकडे असे बंधन नाही. युरोपात ते घातले गेले आहे. ६ सप्टेंबर २०२३ रोजी व्हॉट्सअ‍ॅपची मालक मेटा तिथल्या कायद्याखाली आली, पण इतर अ‍ॅपशी व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल जोडण्यासाठी तिला चार वर्षांची मुदत मिळाली. नागपूरच्या दुकानदाराला त्याचा तूर्त काही उपयोग नाही.

असा पूल एकदा खरोखर बांधला गेला होता. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ८.५ अब्ज डॉलरला स्काइप विकत घेतले आणि २०१३ मध्ये ऑफिसच्या ‘लिंक’ (Lync) या सॉफ्टवेअरमधून घरच्या स्काइपवर थेट बोलण्याची सोय दिली. ते जमले, कारण दोन्ही काठ एकाच मालकाचे होते. पुढे मालकाचा विचार बदलला. त्या सॉफ्टवेअरचे पुढचे रूप, स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन, ३१ जुलै २०२१ ला बंद झाले आणि घरचे स्काइप ५ मे २०२५ ला. म्हणून आज निवड करताना अ‍ॅप कोणते याच्याआधी, पूल कोणाच्या मर्जीवर उभा आहे हे पाहावे.

आता हातात चार वाटा उरतात.

| वाट | ग्राहकाकडे काय हवे | व्हिडिओ | रेकॉर्डिंग | अडते कुठे |
|---|---|---|---|---|
| मीटिंगची लिंक | इंटरनेट, बहुधा अ‍ॅपही | होय | प्लॅनवर अवलंबून | लॉबी, पासकोड, डेटा |
| टीम्सचे बाहेरच्या खात्याशी नाते | टीम्सचे वैयक्तिक खाते | होय | मर्यादित | असे खाते फार थोड्यांकडे |
| व्हॉट्सअ‍ॅप | काही नवे नको | अ‍ॅपमध्ये होय | अ‍ॅपमध्ये नाही | नंबर एका माणसाशी बांधला जातो |
| टेलिफोन नंबर | साधा फोनही चालतो | नाही | होय | अनोळखी नंबर उचलत नाहीत |

लिंक पाठवणे

बहुतेक ऑफिसांना एवढेच पुरते. कॉल अ‍ॅपातून अ‍ॅपात जात नाही, ग्राहकच तुमच्या खोलीत येतो. तिन्ही कंपन्यांत फरक आहे तो दारावरच्या पहाऱ्यात.

गूगल मीटचा मोठा फायदा ग्राहकाच्या फोनमध्येच असतो. अँड्रॉइड फोनवर गूगल खाते आधीच उघडलेले असते आणि बऱ्याच फोनमध्ये मीट अ‍ॅपही आलेले असते, कारण जुने ड्युओ २०२२ मध्ये मीटमध्येच मिसळले. लिंक दाबली की माणूस दारात. आधी आमंत्रण दिलेले नसेल तर त्याला आत घेण्याची परवानगी तेवढी बहुधा तुम्ही द्यायची. फुकट खात्यावर दोघांचा कॉल २४ तास चालतो. तिसरा आला की मर्यादा ६० मिनिटांची होते. पैसे भरून गूगलचे ऑफिससाठीचे पॅक, म्हणजे वर्कस्पेस, घेताना एक गोष्ट निसटते. सगळ्यांत स्वस्त बिझनेस स्टार्टरमध्ये रेकॉर्डिंग नाही, ते बिझनेस स्टँडर्डपासून मिळते. कर्जाच्या किंवा करारातल्या अटी व्हिडिओवर समजावून सांगणार असाल तर हा फरक महागात पडतो.

झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत तुटते, दोघेच असले तरी. सीएच्या ऑफिसात जीएसटीच्या नोटिशीवर बोलणे रंगात आले की नेमके तेव्हाच. फुकटात कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करता येते, ही त्याची जमेची बाजू. नेहमीचा गोंधळ पासकोडचा. लिंकच्या शेपटीत ‘पीडब्ल्यूडी’ असा तुकडा असतो. कोणी अर्धीच लिंक कॉपी केली की ग्राहकासमोर पासकोडची चौकट येते आणि तो फोन करून विचारतो. लिंक नेहमी ‘कॉपी इन्व्हाइट’मधूनच घ्यावी.

टीम्सच्या लिंकवरून येणारा बाहेरचा माणूस लॉबीत, म्हणजे आत घेईपर्यंत थांबायच्या खोलीत, थांबतो. लॉबीत कोणी आहे याची सूचना बैठक चालवणाऱ्याच्या पडद्यावर येते खरी, पण तो एक्सेल उघडून बसला असेल तर ती दिसत नाही. ग्राहकांसोबतच्या बैठकांसाठी ‘लॉबी कोणाला टाळता येईल’ हा पर्याय त्या बैठकीपुरता ‘सर्वांना’ करावा. पूर्ण कंपनीसाठी हा बदल करू नये. लिंक अजिबात उघडतच नसेल तर अ‍ॅडमिनच्या मीटिंग सेटिंग्जमध्ये अनामिक पाहुण्यांना परवानगी आहे का ते तपासावे. मोठ्या कंपन्यांत ती बऱ्याचदा बंद असते.

आणखी एक खड्डा खास भारतातला. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक एसएमएसमधली लिंक आधी नोंदवून मंजूर केलेली नसेल तर संदेश पोहोचतच नाही. रोज बदलणारी मीटिंगची लिंक बल्क एसएमएसने पाठवायची असेल तर हे आधी मिटवावे लागते. सोपे म्हणजे लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावी आणि कॉल मीटवर घ्यावा. जोडणी कामचलाऊ दिसते, पण टिकते.

टीम्समधून बाहेरच्या खात्याला

स्काइपच्या पुलाचा हा वारस. टीम्सच्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये ‘एक्स्टर्नल अ‍ॅक्सेस’खाली कंपनीच्या ताब्यात नसलेल्या टीम्स खात्यांशी बोलण्याची परवानगी देता येते. परवानग्या दोन आहेत: तुमच्या माणसाने सुरुवात करणे आणि बाहेरच्याने सुरुवात करणे. पहिली दिली आणि दुसरी राहिली तर कॉल एकाच बाजूने लागतात आणि आयटीवाला दिवसभर इंटरनेटला दोष देतो. बदल लागू व्हायला काही तास जातात, लगेच चाचणी घेऊ नये. बुटीबोरीतल्या कारखान्याचा परदेशी खरेदीदार जुना स्काइपवाला असेल, तर त्याच लॉगिनने तो फुकट टीम्समध्ये शिरू शकतो. त्याच्यासाठी ही वाट चांगली. इतरांसाठी दुसरी परवानगी बंदच ठेवावी. ‘आयटी हेल्पडेस्क’ म्हणवून टीम्सवर कॉल करणारे भामटे याही दारातून येऊ शकतात.

व्हॉट्सअ‍ॅप: अ‍ॅप आणि एपीआय या दोन निराळ्या वस्तू

अ‍ॅपवरचा कॉल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एन्क्रिप्टेड असतो, एका कॉलमध्ये ३२ जण येऊ शकतात, आणि २०२३ पासून स्क्रीनही दाखवता येते. ग्राहकाला काहीच शिकवावे लागत नाही. कमतरता सगळ्या तुमच्या बाजूला: रेकॉर्डिंग नाही, कॉल दुसऱ्या टेबलाकडे वळवता येत नाही, आणि नंबर ऑफिसातल्या पोराच्या सिमवर असेल तर तो नोकरी सोडताना अर्धे गिऱ्हाईक सोबत नेतो. निदान सिम तरी फर्मच्या नावावर घ्यावे.

दवाखान्यांसाठी इथे एक कायदेशीर बारकावा आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत व्हॉट्सअ‍ॅपसारखी चॅटची साधनेही चालतात असे स्पष्ट लिहिले आहे. पेशंटने कॉल केला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. डॉक्टरने केला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. काही औषधे पहिल्या भेटीत लिहून द्यायची असतील तर ती भेट व्हिडिओवरच व्हावी लागते. म्हणजे कोण कोणाला लावतो आणि चेहरा दिसतो का, या दोन्ही गोष्टी इथे नियमाच्या आहेत. नोंद ठेवणे डॉक्टरकडेच.

एपीआय म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप थेट कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडण्याची सोय. तिची गोष्ट वेगळी. जुलै २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर मोठ्या कंपन्यांसाठी व्हॉइस कॉल खुले झाले. ग्राहक तुमच्या चॅटमधले कॉलचे बटण दाबतो आणि तुमच्या कॉल सेंटरच्या पडद्यावर घंटी वाजते. कंपनीला आपणहून कॉल करायचा तर आधी ग्राहकाची परवानगी लागते. ग्राहकाने केलेला कॉल फुकट, कंपनीने केलेला मिनिटांच्या हिशेबाने. दिवसाला २०–२५ कॉल असलेल्या ऑफिसने याच्या नादी लागू नये. मधली सॉफ्टवेअर कंपनी, तिचे मासिक भाडे आणि नंबरची नोंदणी यातच वर्ष जाते. घ्यायचेच असेल तर नवा नंबर घ्या. जुना चालता नंबर चाचणीशिवाय हलवू नका.

विक्रेता “व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल थेट तुमच्या मोबाइल नंबरवर वळवून देतो” म्हणाला, तर कोणत्या परवान्याखाली, हे लेखी मागा. इंटरनेटवरचा कॉल टेलिफोनच्या जाळ्यात घुसवून टोल, म्हणजे कॉलचे शुल्क, चुकवण्यावर आपल्याकडे बंधने आहेत. टीम्समध्ये भारतासाठी ठिकाण पाहून कॉल वळवण्याची सोय याचसाठी ठेवावी लागली. परवानाधारक कंपनीमार्फत ते रीतसर करता येते. एअरटेलने २०२३ मध्ये टीम्ससाठी आणि झूमने २०२४ मध्ये पुण्यापासून सुरुवात करत ते केले. नागपूरच्या पत्त्यावर नंबर मिळतो का, हे करार करण्याआधी विचारावे.

टेलिफोन नंबर

ही वाट सगळ्यांत जुनी, आणि नरखेडच्या बागेत जिथे डेटाची एकच काडी दिसते तिथे चालणारी. क्लाउड टेलिफोनीत एक नंबर मिळतो. त्यावर आलेला कॉल तीन-चार जणांच्या मोबाइलवर फिरतो आणि रेकॉर्ड होतो. दोन्ही टोकांना साधाच कॉल, म्हणून डेटा लागत नाही. बाहेर लावताना ग्राहकाला नेमका कोणता नंबर दिसतो ते विचारा. रोज वेगळा दिसत असेल तर तो सेव्ह करता येत नाही आणि उचललाही जात नाही. जाहिरातीचे कॉल १४० च्या मालिकेतूनच करावे लागतात, आणि ते कोण उचलतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ईपीएबीएक्स (ऑफिसातले अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) असलेल्या हिंगण्याच्या कारखान्यांनी एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या तारेवरून येणारी टेलिफोन लाइन, पाहावी. दहा माणसांना दहा चॅनेल (एका वेळी चालणारे कॉल) लागत नाहीत, तीन-चार पुरतात. एका कॉलला दर दिशेने सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात, चार कॉलना ३५० च्या आसपास. बिघाड दोनच प्रकारचे दिसतात. एका बाजूचा आवाज जात नसेल तर राउटरमधले ‘एसआयपी एएलजी’ हे सेटिंग बंद करा. कॉल नेमका ३२ सेकंदांनी तुटत असेल तर उत्तराची पोच परत पोहोचत नाही. इथेही दोष बहुधा राउटरचाच. ट्रंक देणाऱ्याला “कॉल कटतो” असे सांगण्यापेक्षा “बत्तिसाव्या सेकंदाला कटतो” असे सांगितले की काम लवकर होते.

आवाजातला फरकही लक्षात घ्यावा. अ‍ॅपवर आवाज भरीव येतो. साध्या टेलिफोन लाइनवर ३४०० हर्ट्झच्या वरचा भाग कापला जातो, आणि स, श, फ ओळखायचे ते तिथेच. ‘साठ’ आणि ‘आठ’ची गल्लत होते, एकोणसाठ-एकोणसत्तर तर विचारूच नका. रक्कम सांगताना आकडे सुटे करून वाचावेत: पाच, नऊ, शून्य, शून्य.

कोणतीही वाट घेतली तरी

भरधाव इंटरनेट असूनही कॉलमध्ये शब्द उड्या मारत असतील तर फायरवॉल पाहा. टीम्सला यूडीपी ३४७८ ते ३४८१, झूमला ८८०१ ते ८८१०, मीटला ३४७८ आणि १९३०२ ते १९३०९ ही दारे (पोर्ट) उघडी लागतात. यूडीपी ही थेट कॉलसाठी सोयीची, हरवलेले मागे न मागवणारी पद्धत. ती बंद असली की कॉल ४४३ वरून टीसीपीने जातो, हरवलेला तुकडा पुन्हा मागवत बसतो, आणि बोलणे मागे पडत जाते.

ग्राहकाचा डेटाही मोजा. दोन्ही बाजूंनी सेकंदाला १.५ मेगाबिटचा व्हिडिओ तासाला सुमारे १.३५ जीबी खातो. त्याचे दिवसाचे दीड जीबीचे पॅक तिथेच जवळजवळ संपते. फळावरचा डाग दाखवायचा तेवढा वेळ कॅमेरा सुरू, बाकी बंद.

नवतप्यात वीज गेली की राउटर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरची तार जिथे येते तो डबा (ओएनटी) राहून जातो. दोन्ही एकाच छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर घ्या, आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप आहे का तेही विचारा. कूलरची एकसुरी घरघर अ‍ॅप बऱ्यापैकी गाळते. कूलरचा झोत माइकवर आपटला तर मात्र ती गाळता येत नाही, तेव्हा खुर्ची झोताच्या आडवी लावावी.

पैसे भरण्याआधी तीन खऱ्या ग्राहकांवर चाचणी करा: एक शहरातला, एक तालुक्याच्या गावातला, एक पाच वर्षे जुन्या फोनवाला. लिंक किंवा कॉल पाठवल्यापासून दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. जुन्या फोनवाल्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ती वाट त्याच्यासाठी नाही. त्याला टेलिफोन नंबर द्या आणि व्हिडिओ फक्त लागेल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या.