संत्रा-बाभळीचं सरपण: नऊ महिने जाळल्यावरचा अनुभव

गेल्या दसऱ्याआधी २०० लिटरच्या ड्रमचा स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मटण शिजवायची भट्टी, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. ड्रम गोड्या तेलाचा होता, बाहेरचा रंग पहिले जाळून काढला. तेव्हापासून महिन्यातून तीनदा तरी पेटतोच, कधी कोंबडी, कधी बकऱ्याची मांडी, घरी कोणी खाणारं नसलं तर नुसती वांगी. नऊ महिने झाले वापरून राहिलो, आणि ड्रमपेक्षा, मसाल्यापेक्षा जास्त डोकं लाकडानं खाल्लं, म्हणून लाकडावरच लिहितो.

आमचा वरुड तालुका, संत्र्याचा पट्टा. इथं सरपणाची कमी नाही, पराटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आहे, तुराट्या (तुरीच्या काड्या) आहेत, धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावर, बाभळी आहेत. तरी सुरुवातीला मी ऑनलाइन स्मोकिंगच्या लाकडाचं पाकीट मागवलं, एक किलो, साडेतीनशे रुपये. ढलप्या चांगल्या होत्या, वास पण छान, पण दोन वेळात संपल्या. त्या भावात आमच्याकडं अर्धा क्विंटल बाभूळ येते. मग गेलो तालुक्याच्या एका टालवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत.

तिथं ७०० रुपये क्विंटल बाभूळ सांगितली. भाव बरा वाटला, एक क्विंटल घेतली. ऑक्टोबर होता, पावसाळा नुकताच संपलेला, लाकूड उघड्यावर भिजलेलं, आणि मी काही पाहिलं नाही. पहिल्याच रविवारी पांढरा दाट धूर, डोळ्यात पाणी, ड्रमचं तापमान काही केल्या ९० अंशाच्या वर जाईना, आणि कोंबडीच्या कातडीवर काळा चिकट थर बसला. खाल्ली तर जिभेवर कडवटपणा राह्यला. पोरांनी ताटात सोडली. मोळीत खालून कडुनिंबाचे तुकडे पण निघाले, ते वेगळे पेटवून पाहिले तर धूर अजूनच कडू. बाभूळ म्हणून पैसे घेऊन निंब देणं हे मला पटलं नाही, परत जाऊन सांगितलं, पण तिथं कोणी ऐकून घेतलं नाही.

उरलेलं लाकूड गोठ्याच्या बाजूला विटांवर रचलं, वरून टीन टाकलं, बाजू मोकळ्या ठेवल्या. घरी कापसाचा वेचा मोजायचा काटा आहे, त्यावर निंबासकट सगळं लाकूड मी पहिल्या दिवशीच मोजून ठेवलं होतं, जे जाळलं त्याचा पण हिशोब धरला होता. जानेवारी संपता संपता परत मोजलं तर १०० किलोचं ७८ किलो भरलं. म्हणजे २२ किलो पाणी मी लाकडाच्या भावानं घेतलं होतं! ७०० भागिले ७८, म्हणजे किलोला ९ रुपये पडले, ७ नाही. तेव्हापासून मी भाव विचारतच नाही पहिले, पहिले लाकूड पाहतो.

पाहायचं कसं, तर दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. वाळलेलं खणखण वाजतं, ओलं थप्प करतं. टोकाला चिरा पडलेल्या पाहिजे, साल नखानं सुटली पाहिजे. आणि एक ओंडका तिथंच फोडून मागायचा, कारण वरून वाळलेला दिसतो आन् आतून थंडगार ओला निघतो, फोडलेली बाजू गालाला लावली की कळते. मी पुढं पिनवालं ओलाव्याचं मीटर पण घेतलं, ते पण फोडलेल्या ताज्या बाजूवरच लावायचं, सालीवर लावून काही अर्थ नाही. १५ ते २० टक्क्याच्या मधात आकडा आला की घ्यायचं. त्याच्या वर असलं तर वाळवायची जागा असेल तरच घ्यायचं आणि भाव त्या हिशोबानं पाडून मागायचा, त्यात लाजायचं कारण नाही.

आता संत्र्याचं. आमच्या शेजारच्या गावात एका काकाजींनी जुनी बाग काढली, डिंक्या रोगानं झाडं उभ्या उभ्या वाळली होती. त्यांच्या बागेची मला फार हळहळ वाटली, वीस-बावीस वर्षं जपलेली झाडं होती. लाकूड घेऊ का विचारलं तर म्हणले, "भाऊ, तसंही धुऱ्यावर जाळूनच टाकून राहिलो ना बाप्पा, नेऊन टाक." मी म्हटलं फुकट नाही नेणार काकाजी. शेवटी ५०० रुपये क्विंटल ठरलं, ४ क्विंटल घेतलं, छोटा हत्तीचं भाडं ६०० वेगळं, म्हणजे २६०० रुपये. उभं वाळलेलं असल्यानं तीन महिन्यांनी मोजलं तरी ३८५ किलो भरलं. किलोला पावणेसात रुपये, बाभळीपेक्षा स्वस्त, आणि तो पैसा बागवाल्याच्या घरात गेला. ज्याची बाग गेली त्याच्याकडून फुकट नेणं आणि टालवर जाऊन पाण्याचे पैसे देणं, दोन्ही मला चुकीचंच वाटतं.

पण संत्र्याच्या लाकडात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बागेत खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद आणि चुना. खोडावर निळसर-पांढरा थर दिसतो तो तोच. ते खोड स्मोकरमध्ये अजिबात टाकू नका, मोरचुदाचं तांबं आहे ते. मी बुडाचा मीटरभर भाग पाणी तापवायच्या चुलीला पण नाही वापरला, वेगळा ठेवला. वरच्या मनगटाएवढ्या फांद्या तेवढ्या घेतो, त्यांची साल काढतो, कारण फवारणी तिच्यावरच बसलेली असते. सल (झाडावरच्या वाळक्या फांद्या) काढताना निघालेल्या बारीक काड्या पेटवायला बऱ्या, पण ताज्या फवारणीच्या नको. पराटीचं पण तेच, भरताचं वांगं पराटीवर भाजायची आपली जुनी पद्धत, पण कपाशीवर शेवटची फवारणी कधी झाली ते ठाऊक असेल तरच मी आता पराटी लावतो, नाही तर तुराटी.

जाळायची पद्धत माझी अशी बसली: बाभूळ बाजूच्या चुलीवर पेटवून निखारे करायचे, तिचा निखारा जड आणि लय वेळ टिकतो. साल काढूनच जाळतो, बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात इतकी ती तुरट असते. निखारे ड्रममध्ये टाकले की वर संत्र्याचे दोन-तीन तुकडे. पाच-दहा मिनिटं धूर पांढरा येतो, तोवर मटण ठेवायचं नाही. पातळ, निळसर झाला, जवळपास दिसेनासा झाला की मग ठेवायचं. ११० ते १२० अंशावर ड्रम धरून ठेवायचा. तीन किलो कोंबडीला अडीच तास लागतात, साधारण पाच किलो बाभूळ आणि एक किलो संत्रा. कोंबडीच्या आतलं तापमान ७४ झाल्याशिवाय उतरवत नाही. बकऱ्याच्या मांडीला सहा तास आणि दुप्पट लाकूड. संत्र्याचा धूर सौम्य आहे, किंचित गोडसर, आपल्या काळ्या मसाल्याला दाबत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

काही जण विचारतात आंब्याचं, चिंचेचं का नाही. लाकूड चांगलंच आहे, पण साग, आंबा, मोह, चिंच, खैर ही झाडं १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडलेलं असेल तर घेणाऱ्यानं पण दूर राहावं. वादळात पडलेल्या आंब्याचं असेल तरी कागद विचारून घ्या. सुताराकडचे तुकडे पॉलिश नसलेले आहेत का पाहा, प्लायवूड तर कधीच नाही. आणि वणी-चंद्रपूरकडच्या मित्रांनो, दगडी कोळसा स्वस्त मिळतो म्हणून त्यावर मटण भाजू नका, गंधकाचा वास जात नाही आणि शरीरालाही वाईट.

रचलेल्या लाकडाला खालून उधई (वाळवी) लागते, म्हणून विटा दोन थर तरी पाहिजे. हात घालायच्या आधी काठीनं वाजवा, विंचू मी दोनदा पाहिला.

मे महिन्यात घरच्याच धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ तोडून फोडून ठेवली, ४५ च्या उन्हात तीन आठवड्यात मीटर १४ वर आलं. ज्यांना विकत घ्यायचं त्यांनी एप्रिल-मेमध्येच घ्यावं, तेव्हा ओलं लाकूड विकणाऱ्याकडं पण वाळलेलंच मिळतं. आता मृग लागला आहे, टीनाखाली पाच क्विंटल आहे, पोळ्यानंतर परत काट्यावर टाकून पावसाळ्यात किती वजन चढलं ते पाहणार आहे. काकाजींच्या बाजूच्या वावरात अजून एक बाग निघणार आहे, त्या बागवाल्याला दिवाळीचं सांगून ठेवलं, ५०० च क्विंटल, बोर्डोवालं खोड सोडून.